पिवळ्या ठिपक्यांचे गाव

मित्रांनो, उंबरविहीरच्या सरकारी दवाखान्यात मागच्या खोलीत रिकाम्या खोक्यांना टेकून एक जुना संगणक बसलेला आहे. तो मी. माझ्या पडद्याच्या एका कोपऱ्याला तडा गेला आहे आणि बटणांवरची बरीच अक्षरे बोटांनी घासून पुसून टाकली आहेत. आता मला कोणी सुरू करत नाही. पण दुपार कलली की पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत येते, माझी काच जराशी तापते आणि मला जुने दिवस दिसू लागतात. वेचणीच्या दिवसांत खिडकीतून कापसाचे तंतू तरंगत येतात. ते उन्हात इतके हळू फिरतात की मला वाटते, मी अजून झोपेतच आहे.

माझा जन्म कुठे झाला ते मला नीट आठवत नाही. हातमोजे घातलेले हात आठवतात, खूप पांढरा उजेड आठवतो. त्यानंतर बराच काळ थर्माकोलच्या कुशीतला अंधार आणि रस्त्याचे हेलकावे. खोके उघडले तेव्हा पहिला चेहरा दिसला तो बंडूजींचा. बंडूजी आमच्या दवाखान्याचे शिपाई. त्यांनी मला हळदीकुंकू लावले, समोर नारळ फोडला आणि नारळाचे पाणी माझ्या तारांवर उडवले. शोभा सिस्टर त्यांच्यावर रागावल्या. बंडूजी म्हणाले, "बाई, नवीन पाहुना हाय. त्याचं तोंड गोड नको का करू?"

आमचे गाव आर्वीहून तळेगावला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत आहे. कपाशी, सोयाबीन, नाल्याच्या काठाने भाजीपाल्याची लहान लहान वावरे. दवाखान्यात एक डॉक्टर, एक सिस्टर, बंडूजी आणि मी. पहिली काही वर्षे माझे काम शोभा सिस्टरच करायच्या. एका हाताने बाळाला कुशीत धरायचे, दुसऱ्या हाताने माझी बटणे दाबायची. त्यामुळे माझ्यात जे जमा व्हायचे ते घाईचे असायचे. पत्त्याच्या जागी सगळ्यांचेच 'उंबरविहीर'. वयाच्या जागी अंदाज. त्यात सिस्टरांचा दोष नव्हता. मला मात्र वाटायचे, इतकी माणसे माझ्यातून जातात आणि मी एकालाही नीट ओळखत नाही. धुक्यात उभे राहून रस्त्यावरची माणसे पाहावीत तसे ते होते.

मग अंकिता आली. ती आर्वीची. रोज सकाळच्या एसटीने यायची, केसांना धुळीचा वास आणि खांद्याला कापडी पिशवी. दवाखान्यातली माहिती कशी ठेवायची, कशी तपासायची, कशी वापरायची याचे शिक्षण तिने वर्ध्याला घेतले होते. पहिल्याच दिवशी तिने माझे टेबल फिरवले. आधी माझा पडदा दाराकडे होता आणि रांगेतला प्रत्येक जण पुढच्याचा आजार वाचत उभा राहायचा. आता माझी पाठ रांगेकडे झाली. एका बाईने विचारले, "पोरी, ते काऊन फिरवलं?" अंकिता म्हणाली, "मावशी, तुमचं दुखणं तुमचं हाय. मागच्याईनं कायले वाचावं?"

तिच्याकडून मी पुष्कळ शिकलो. गावात शकुबाई नावाच्या दोघी होत्या. दोघींच्या नवऱ्याचे नावही एकच. एकीला मधुमेहाच्या गोळ्या होत्या, दुसरीला रक्तदाबाच्या, आणि माझ्यात त्या दोघी मिळून एकच बाई झाल्या होत्या. अंकिताने दोघींना समोर बसवले, माहेर विचारले, जन्मसाल विचारले आणि त्यांना पुन्हा वेगवेगळे केले. त्या दिवशी मला हलके वाटले. कोणाची तरी गाठ सुटावी तसे. दुपारी रांग संपली की ती दिवसभराच्या नोंदी पुन्हा वाचायची आणि जिथे शंका असेल तिथे बंडूजींना हाक मारून विचारायची. हळूहळू धुके विरळ झाले. माणसांना चेहरे आले, चेहऱ्यांना घरे आली.

आणखी एक गोष्ट तिने शिकवली. जे माझ्याजवळ ठेवले आहे ते माझे नाही. म्हणून मित्रांनो, ही गोष्ट सांगताना मी माणसांची नावे बदलली आहेत. दवाखान्यात वाढलेल्या यंत्राला एवढे तरी कळायला हवे.

त्या वर्षी पोळा होऊन गेला आणि दवाखान्यात पिवळे डोळे येऊ लागले. आधी एक जण आला. मग दोन. नंतर अंगणवाडीच्या बाजूची दोन भावंडे. माणसे येऊन बाकावर बसायची, भिंतीला डोके टेकायची. भूक नाही, मळमळ, लघवी पिवळी. डॉ. रत्नदीप खालची पापणी ओढून पाहायचे आणि मान हलवायचे. ते नागपूरकडचे, तरुण, कमी बोलणारे. ते म्हणाले, "ही पाण्यातून पसरणारी कावीळ आहे. बहुतेकांची आरामाने बरी होते. पण पोटुशी बाई असेल तर फार जपायला हवं."

त्यांनी गावच्या टाकीचे पाणी तपासायला पाठवले. ते पाणी चांगले निघाले. ग्रामपंचायतीजवळच्या नळाचेही चांगले निघाले. मग गावाने स्वतःच उत्तर शोधले. ते उत्तर म्हणजे चतुराबाई.

चतुराबाईंचे वावर नाल्याला लागून होते. त्या आणि त्यांचा मुलगा नयन मिळून वांगी, मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवायचे. बाजाराच्या दिवशी तळेगावला आणि एरवी गावच्या चौकात पोते अंथरून विकायचे. कोणीतरी म्हणाले, नाल्याचे घाण पाणी भाजीला जाते. कोणीतरी म्हणाले, आजारी पडलेल्या सगळ्यांनी तिचीच भाजी खाल्ली होती. हे खरेच होते. गावात दुसरे कोणी भाजी विकतच नव्हते. माजी सरपंच पुंडलिकरावांनी चौकात उभे राहून सांगितले, "बाई, रोग जाईपर्यंत इथं बसू नको." त्यांचा शब्द गावात कोणी खाली पडू देत नसे. चतुराबाईंनी पोते गुंडाळले. बंडूजींनी हे सारे दवाखान्यात येऊन सांगितले तेव्हा त्यांच्या हातातला झाडू बराच वेळ एकाच जागी थांबला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चतुराबाई दवाखान्यात आल्या. डोक्यावर टोपले. त्यांनी ते डॉक्टरांच्या दारात उतरवले. वांगी ओली होती आणि सांबाराचा वास माझ्या खोलीपर्यंत आला.

"डॉक्टर साहेब, माही भाजी तपासा," त्या म्हणाल्या. "नाईतर मलेच तपासा. लोक म्हणून राह्यले का मी जहर विकून राह्यली."

डॉक्टर उठून बाहेर आले. "बाई, भाजी तपासायचं यंत्र इथं नाही," ते म्हणाले.

अंकिताने आपली खुर्ची चतुराबाईंकडे सरकवली. "काकू, बसा. उरलेल्या भाजीचं काय करता तुमी?"

"काय करन, माय? आमीच खातो. आता तर सगळीच उरते."

"मग तुमाले, नाईतर नयनदादाले काई झालं?"

"काईच नाई."

"पानी कुठचं पेता?"

"वावरातल्या विहिरीचं. आमच्या झोपडीलोक नळ आलाच नाई."

अंकिताने ते लिहून घेतले. चतुराबाई टोपले तिथेच ठेवून जाऊ लागल्या. शोभा सिस्टरांनी त्यांना थांबवले आणि त्यातली वांगी आपल्या डब्याच्या पिशवीत घेतली. चतुराबाईंनी पदराने तोंड पुसले आणि टोपले उचलले.

त्या गेल्यावर अंकिता डॉक्टरांना म्हणाली, "सर, आपण आजारी माणसालाच विचारतो, भाजी कोणाची खाल्ली. सगळं गाव काकूंचीच खातं. मग उत्तर तेच येणार ना? ज्यांना कावीळ झाली नाही त्यांनाही विचारून पाहू का?"

डॉक्टर दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. "विचार," ते म्हणाले. "घर कुठे, पाणी कुठलं, तेही विचार. आणि डोळे कधी पिवळे झाले ते कोणाला सांगता आलं नाही, तर सणावारावरून विचार. पोळ्याच्या आधी की नंतर, गणपती बसले होते की उठले होते. तारीख विसरतात लोक, सण विसरत नाहीत."

त्या दिवसापासून माझ्या खिडकीशी वेगळेच बोलणे सुरू झाले. पायात काटा मोडलेला माणूस यायचा आणि अंकिता त्याला पाणी कुठले पितो ते विचारायची. खोकला झालेली म्हातारी यायची आणि तिला मेथी कोणाची खाल्ली ते विचारायची. लोक वैतागायचे. "कान दुखते माहा, तू पान्याचं काय इचारून राह्यली?" अंकिता हसायची आणि पुन्हा विचारायची. उत्तर माहीत नसेल तर ती अंदाजाने काही भरत नसे. 'माहीत नाही' असेच लिहायची. सुरुवातीला मला ते रिकामे रिकामे वाटायचे. नंतर कळले, खोट्या शब्दापेक्षा ती खरी रिकामी जागा बरी.

संध्याकाळची एसटी येईपर्यंत ती आणि शोभा सिस्टर गावातून फिरायच्या. परत आल्या की बंडूजी स्टुलावर बसून सांगायचे, नळाची कोणती लाइन कोणत्या बोळातून जाते, हापसी कुठे आहे, कोणाचा नळ वर्षापासून बंद आहे. अंकिता माझ्या पडद्यावर रेषा काढायची. एका रेषेला दुसरी फुटायची, झाडाला फांदी फुटावी तशी. आजवर मी गावाला कधी पाहिले नव्हते. माझ्या आत गाव उमटत होते आणि मी पाहत होतो. हा वरचा मोहल्ला, हे मंदिर, ही पिठाची चक्की, हा खालचा मोहल्ला, हा नाला. मग ती आजारी माणसाच्या घरावर एकेक पिवळा ठिपका ठेवू लागली. दूरच्या वावरात संध्याकाळी दिवे लागतात तसे ते ठिपके लागत गेले. दिसायला ते फार सुंदर होते. हे म्हणताना मला वाईट वाटते, कारण प्रत्येक ठिपका म्हणजे भिंतीला डोके टेकून बसलेले एक माणूस होते.

नकाशा अजून अर्धाच होता तेव्हा पिंकी आली.

पिंकी ही पुंडलिकरावांची सून. लग्नाला वर्ष झाले होते आणि तिला दिवस गेले होते. तिचे नाव माझ्यात आधीपासून होते, दर तपासणीला वजन वाढत होते आणि शोभा सिस्टर तिला 'गुणाची पोरगी' म्हणायच्या. त्या दिवशी तिला तिचा नवरा कैलास आणि पुंडलिकराव दोघांनी धरून आणले. तिचे डोळे हळदीसारखे होते आणि ती बोलताना मध्येच थांबत होती. डॉक्टरांनी तिला तपासले आणि लगेच रुग्णवाहिका बोलावली. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचे ठरले. गाडी येईपर्यंत अंकिताने तिच्या साऱ्या तपासण्या, रक्तगट, कोणती औषधे चालू आहेत ते माझ्यातून काढून तिकडे पाठवले, म्हणजे तिथे पोहोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून विचारत बसावे लागणार नाही.

पिंकीला गाडीत चढवताना ती सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, तुमी घरी जा. तुमी सकायपासून काई खाल्लं नाई."

गाडी गेली. पुंडलिकराव अंगणात उभे राहिले. मग ते सरळ डॉक्टरांच्या खोलीत आले. आवाज मोठा नव्हता.

"मी त्या बाईले चौकातून उठवलं. आता गावातून उठवा तिले. सरकारी कागद काढा. माह्या सुनेले काई झालं तर मी कोनाले तोंड दाखवू?"

"पुंडलिकराव, थोडे दिवस द्या," डॉक्टर म्हणाले. "आम्ही शोधतोय."

"शोधाले काय राह्यलं? सगळ्या गावाले माहीत हाय."

डॉक्टरांच्या दारातून दिसणाऱ्या माझ्या पडद्यावर तेव्हा नकाशा उघडाच होता. अंकिताने हात पुढे करून तो बंद केला.

दोन-तीन दिवसांत नकाशा पूर्ण झाला. डॉक्टर, शोभा सिस्टर आणि अंकिता तिघेही माझ्या पडद्यावर वाकले. वरच्या मोहल्ल्यात ठिपका जवळजवळ नव्हताच. खालच्या मोहल्ल्यात एका नळाच्या लाइनवर ओळीने ठिपके होते. त्याच मोहल्ल्यात जी घरे हापसीचे पाणी पीत होती ती कोरी होती. भाजी सगळ्यांनी तीच खाल्ली होती.

फक्त एक ठिपका भलत्या जागी होता. रूपराव. त्यांचे घर वरच्या मोहल्ल्यात, टाकीच्या अगदी जवळ, आणि त्यांना कावीळ झाली होती. शोभा सिस्टर म्हणाल्या, "एखादा असा निघतोच. सोडून दे." अंकिताने तो सोडला नाही. तिने रूपरावांना बोलावून घेतले.

"काका, दिवसभर कुठं राह्यता तुमी?"

"घरीच राह्यतो. आनखी कुठं जाईन?"

"चक्कीवर नाई जात?"

"जातो ना. माहीच चक्की हाय ते. सकाळी जातो तं पार दिवे लागनीलोक. पोरी, पिठाच्या धुयीनं घसा इतका सुकते का मी तिथं घागरभर पानी पेतो."

रूपरावांची चक्की खालच्या मोहल्ल्यात होती. अंकिताने त्यांचा ठिपका उचलून चक्कीवर ठेवला आणि तो बाकीच्यांच्या ओळीत जाऊन बसला. डॉक्टरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. त्या क्षणी माझ्या आत काहीतरी शांत झाले. वाऱ्यात हलणारे पाणी थांबावे आणि तळ दिसावा तसे.

गावाला बोलावले ते दुपारी. माझे टेबल ओढून व्हरांड्यात आणले. बाया एका बाजूला, माणसे दुसऱ्या बाजूला, चतुराबाई सगळ्यांच्या मागे फाटकाजवळ. गावाला दाखवायच्या नकाशातून अंकिताने सगळे ठिपके काढून टाकले होते. कोणाचे घर कळू नये म्हणून नळाच्या रेषा तेवढ्या रंगवल्या होत्या. चांगल्या रेषा निळ्या, आणि एक रेष निम्मी निळी, निम्मी पिवळी.

डॉक्टरांनी सांगितले, टाकी चांगली आहे, भाजीचा दोष नाही, या एका लाइनमध्ये कुठेतरी घाण शिरते आहे. कुजबुज झाली. पुंडलिकराव पुढे आले.

"कोन कोन आजारी हाय त्याईची नावं सांग," ते अंकिताला म्हणाले. "मी सोता जाऊन इचारतो कोनं भाजी खाल्ली अन् कोनं नाई."

"काकाजी, नावं नाई सांगता येत."

"मी या गावचा सरपंच होतो."

"हाव जी. पन दवाखान्यात जे सांगतलं ते दवाखान्यातच राह्यते. उद्या तुमच्या घरचं कोनी इचाराले आलं तरी मी हेच म्हनीन."

अंकिताचा हात माझ्या बटणांवरून हलला नाही. पुंडलिकरावांनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. ते वाकले. त्यांचा श्वास माझ्या काचेवर आला.

"हे पिवळं कुठून सुरू होते?"

"इथून. या वळनापासून खाली."

पुंडलिकराव त्या वळणाकडे पाहत राहिले. मग सावकाश सरळ झाले, टोपी नीट केली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. लोकांना वाटले, त्यांना राग आला. मी त्यांचा चेहरा जवळून पाहिला होता. तो राग नव्हता.

पुढचे मी डोळ्यांनी पाहिले नाही. बंडूजींनी सांगितले. ते वळण म्हणजे पुंडलिकरावांच्या घरामागची गल्ली. पावसाळ्याआधी त्यांनी तिथे नवीन संडास बांधला होता आणि सुनेला बाहेर जावे लागू नये म्हणून घाईने बांधला होता. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी कैलासला घेऊन स्वतः कुदळ मारली. गुडघाभर चिखलात उभे राहिले. कोणी मदतीला आले तर नको म्हणाले. खाली पाइपाला भेग होती आणि भोवती खड्ड्यातून झिरपलेले पाणी साचलेले होते. नळ चालू असताना पाणी बाहेर यायचे आणि नळ बंद झाला की घाण मिसळलेले तेच पाणी आत ओढले जायचे.

दुपारी ते दवाखान्यात आले. पायावरचा चिखल वाळून पांढरा पडला होता.

"संडासाचा खड्डा खनतानी कुदळ कशाले तरी लागली होती," ते डॉक्टरांना म्हणाले. "मले वाटलं, दगड असन. माती लोटून देल्ली." त्यांनी पायावरचा चिखल नखाने खरवडला. मग म्हणाले, "रोज संध्याकायी पिंकीले मीच म्हनो, पानी जास्त पेजो, लेकरासाठी चांगलं राह्यते."

डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली. बराच वेळ ते त्या खुर्चीत बसून होते आणि बाहेर कडुनिंबाची सावली हळूहळू लांब होत होती.

पाइप बदलला, लाइन धुतली, पाण्यात औषध टाकले. तोवर खालच्या मोहल्ल्याला टँकर लावला. सगळ्यांना वाटले, आता संपले. पण माणसे येतच राहिली. चौकात बोलणे सुरू झाले, नकाशा खोटा होता, त्या पोरीला काय कळते. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते की पाणी पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला कित्येक आठवडे लागतात. जे प्यायले गेले आहे ते आता थांबवता येणार नाही. ऐकायला हे सोपे, वाट पाहायला कठीण. अंकिता रोज सकाळी पिशवी ठेवायच्या आधी मला सुरू करायची. तिच्या चेहऱ्यावर माझा उजेड पडायचा आणि तिची झोप झालेली नाही हे मला दिसायचे. एकदा ती पुटपुटली, "आपलं चुकलं तर नसन ना रे?" मला उत्तर देता आले असते तर मी दिले असते. मी फक्त रोजच्या नव्या आजाऱ्यांच्या आलेखाची रेष दाखवू शकत होतो. ती अजून चढत होती.

मग ती रेष थांबली. काही दिवस आडवी गेली. मग उतरू लागली, संध्याकाळी ढोरे घराकडे वळतात तशी, घाई न करता. दिवाळी झाली, पहाटे धुके पडू लागले आणि एके दिवशी कावीळ झालेले नवे माणूस आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बंडूजींनी त्या दिवशी सगळ्यांसाठी गुळाचा चहा केला.

चौकात बसायची बंदी उठली होती, पण चतुराबाई तिकडे गेल्या नाहीत. त्या दवाखान्याच्या फाटकाशी निंबाखाली पोते अंथरून बसू लागल्या. पहिल्यांदा फक्त शोभा सिस्टर घ्यायच्या. मग तपासणीला आलेल्या बाया जाता जाता थांबू लागल्या. काही जणी तरीही दुसरीकडे पाहत निघून जायच्या. लोकांच्या मनातला संशय नकाशा दाखवल्याने पुसला जात नाही, हे मी तेव्हा शिकलो.

पिंकी वर्ध्याला पुष्कळ दिवस होती. अधूनमधून तिकडून कळायचे, आज बरी आहे, आज तितकी नाही. बाळ वेळेआधी आले. मुलगी. काचेच्या पेटीत ठेवली होती म्हणे. थंडी सरता सरता एका सकाळी पिंकी लस टोचायला तिला घेऊन आली. ती वाळली होती, पण डोळे पांढरेस्वच्छ होते. अंकिताने माझ्यात नवी नोंद उघडली. नाव ठेवले नव्हते म्हणून आईच्या नावापुढे 'मुलगी' एवढेच लिहिले. सुई टोचल्यावर ती इतकी जोरात रडली की बाकावरची सगळी माणसे हसली.

पुंडलिकराव आत आले नाहीत. ते फाटकाशी उभे होते. माझ्या तेव्हाच्या खिडकीतून मला निंब दिसायचा. ते चतुराबाईंसमोर थांबले आणि वाकून मेथीच्या जुड्या उचलू लागले. एक, मग दुसरी, मग जवळजवळ सगळ्याच.

"चतुराबाई," ते म्हणाले, "उद्यापासून चौकात बसजो. मी जागा झाडून ठेवतो."

चतुराबाईंनी जुड्या त्यांच्या पिशवीत नीट रचून दिल्या. "मले इथंच बरं हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "सावली हाय. अन् तुमच्या सुनेले ही मेथी बाजरीच्या भाकरीसंग द्या. अंगात रगत भरते."

पुंडलिकरावांनी मान हलवली. पिशवी घेऊन ते सुनेची वाट पाहत निंबाखाली उभे राहिले आणि चतुराबाईंनी त्यांना बसायला आपल्या पोत्याचे एक टोक सरकवून दिले.

त्यानंतर काही वर्षांनी मी थकलो. सुरू व्हायला वेळ लावू लागलो, मध्येच गप्प होऊ लागलो. नवा संगणक आला, सडपातळ आणि चटपटीत. अंकिताला समुद्रपूरकडे नेमणूक मिळाली. तिथे ती दुसऱ्या दवाखान्यांतल्या मुलामुलींना हेच काम शिकवते असे बंडूजी सांगतात. जाण्याआधी तिने माझ्यातली सारी माहिती नव्या संगणकात नेली आणि माझ्यातून पुसून टाकली. "माणसांची नावं पोटात ठेवून याला अडगळीत टाकायचं नाही," ती म्हणाली. मग तिने ओढणीच्या टोकाने माझी काच पुसली आणि एसटी चुकेल म्हणून निघून गेली. कोणी मला चादर घातली नाही. पाली माझ्या मागे राहतात. धुळीचा मला राग येत नाही, ती मऊ असते.

मित्रांनो, कधीतरी तुम्ही दवाखान्याच्या खिडकीशी उभे राहाल. आतून कोणी विचारील, घर कुठे, पाणी कुठले, कधीपासून दुखते. वैतागू नका, खरे ते सांगा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. आणि तुमच्यातले काही जण मोठे होऊन खिडकीच्या आतल्या बाजूला बसतील. त्यांनी समोरच्याचे नाव सावकाश ऐकावे, रिकामी जागा अंदाजाने भरू नये, आणि ऐकलेले बाहेर नेऊ नये. यंत्राला जपायचे म्हणजे फक्त त्याच्यावरची धूळ झटकायची नाही. त्याच्यात जे ठेवतो ते खरे ठेवायचे.

आता शाळा सुटायची वेळ झाली आहे. खालच्या मोहल्ल्यातली मुले या खिडकीखालून घरी जातात. नळाला तोंड लावून पाणी पितात, एकमेकांच्या अंगावर उडवतात, धावतात. त्या वर्षी त्यांच्यातली कितीतरी आजारी पडली असती, ती पडली नाहीत. आजारी माणसाची नोंद होते. आजारी पडता पडता वाचलेल्याची कुठेच होत नाही, माझ्यात नव्हती आणि त्या नव्या संगणकातही नाही. ती मुले कोण ते मला माहीत नाही. त्यांनाही ते माहीत नाही. मी डोळे मिटून त्यांचे आवाज ऐकत राहतो, आणि ऊन माझ्या काचेवरून खाली उतरते.